आधी पाना, मग स्टिअरिंग: कोकणच्या हवेत जुनी एमजीबी शिकताना

रत्नागिरीपासून थोड्या अंतरावर असलेल्या आमच्या वाडीत, घरामागच्या जांभ्या चिऱ्यांच्या गॅरेजमध्ये, १९६६ सालची एमजीबी रोडस्टर, म्हणजे दोन सीटची उघडी ब्रिटिश मोटार, उभी असते. माझ्या वडिलांनी ती मुंबईतील नोकरीच्या काळात घेतली आणि निवृत्त झाल्यावर गावी आणली. माझ्या भाचीला सोळा वर्षे पूर्ण झाली त्या मे महिन्याच्या सुट्टीत तिने "मामा, मला ही चालवायला शिकवशील?" असे विचारले. मी होकार दिला. मात्र त्या सुट्टीत तिच्या हाती ग्रीसगन आली आणि किल्ली आली ती दोन वर्षांनी. त्या काळात आम्ही काय केले आणि कोणत्या क्रमाने केले, ते येथे सविस्तर लिहीत आहे. घरात अशी गाडी असेल आणि शिकायला आसुसलेले मूलही असेल, तर हा क्रम पाळावा, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे.

या आग्रहामागचे पहिले कारण कायद्याचे आहे. मोटार वाहन अधिनियम, १९८८ प्रमाणे सार्वजनिक ठिकाणी मोटार चालवण्यासाठी १८ वर्षे पूर्ण असावी लागतात. सोळाव्या वर्षी मिळणारी मुभा ५० सीसीपर्यंतच्या दुचाकीपुरती आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर अल्पवयीन मुलाने गाडी चालवल्यास पालक अथवा वाहनमालक यांना तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड होऊ शकतो, शिवाय गाडीची नोंदणी बारा महिन्यांसाठी रद्द होते. गावातला रस्ता मोकळाच असतो, ही सबब येथे चालत नाही. दुसरे कारण गाडीचे आहे. हिला एअरबॅग नाही, ब्रेक दाबल्यावर चाके जाम होऊ न देणारी एबीएस यंत्रणा नाही, ब्रेकला व्हॅक्यूमची मदत नाही आणि स्टिअरिंगही हातांच्या जोरावरच फिरते. जी व्यक्ती हिच्या ब्रेकचे तेल स्वतः बदलते आणि पुढची डिस्क व मागचा ड्रम उघडून पाहते, तिला ही गाडी किती अंतरात थांबेल याचा अंदाज पायाने घेण्याआधी डोक्याने आलेला असतो.

हत्यारे आणि चिरा

नव्या गाड्यांचे मिलिमीटरचे पाने येथे उपयोगाचे नाहीत. एमजीबीचे बहुतेक नट-बोल्ट इंची मापाचे आहेत. अर्ध्या इंचाचा नट १२.७ मिलिमीटरचा असतो. त्यावर १३ चा पाना बसल्यासारखा वाटतो, पण जोर दिला की नटाचे कोपरे गोल होतात आणि नंतर तो छिन्नीनेच काढावा लागतो. ७/१६, १/२ आणि ९/१६ या मापांचे रिंगपाने, प्लगपाना, फीलर गेज (बारीक फट मोजण्याच्या पट्ट्या), ग्रीसगन आणि ठरावीक जोराने आवळणारा एक चांगला टॉर्क पाना एवढ्यावर पहिले वर्ष सहज निभते. शिकणाऱ्याला त्याचे स्वतःचे पाने द्यावेत आणि काम संपल्यावर ते पुसून, तेलाचा हात फिरवून ठेवण्याची सवय पहिल्या दिवसापासून लावावी, कारण आपल्याकडे आषाढात उघडा राहिलेला पाना आठवडाभरात तांबूस होतो.

आता एक गोष्ट अत्यंत गांभीर्याने सांगतो. कोकणात कशालाही टेकू द्यायचा म्हटला की हात आपोआप चिऱ्याकडे जातो. गाडीखाली चिरा कधीही लावू नये. जांभा सच्छिद्र असतो, त्याच्या आत मातीच्या शिरा असतात आणि एका बिंदूवर भार आला की तो पूर्वसूचना न देता फुटतो. तरुणपणी मी मागचा ॲक्सल एका चिऱ्यावर टेकवला होता. चाक काढून बाजूला ठेवतो न ठेवतो तोच चिरा दुभंगला आणि ब्रेकचा ड्रम जमिनीवर आदळला. मी त्या क्षणी खाली नव्हतो. लोखंडी जॅकस्टँडची जोडी आणावी, टणक काँक्रीटवरच काम करावे, उलट्या टोकाच्या चाकांना लाकडी अडण लावावी आणि केवळ जॅकवर उचललेल्या गाडीखाली हातसुद्धा घालू नये. भाचीने हे तोंडपाठ म्हणून दाखवल्यानंतरच तिला पहिल्यांदा गाडीखाली जाता आले.

मीठ कुठे साचते

एमजीबीला वेगळी चासी नाही. पत्र्याची बॉडी हाच तिचा सांगाडा आहे. वर छप्परही नसल्यामुळे दोन्ही दारांखालच्या पोकळ पट्ट्या, म्हणजे सिल, गाडीचा बहुतेक भार पेलतात, आणि नेमक्या त्याच आतून गंजतात. म्हणून पहिला महिना आम्ही केवळ पत्रा वाचण्यात घालवला. स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने सिलवर हलके ठोकत जावे; चांगला पत्रा खणखणतो आणि गंजलेला बद्द वाजतो. जेथे रंग गुळगुळीत पण आवाज मंद, तेथे लोहचुंबक लावून पाहावे; तो चिकटला नाही तर खाली पत्र्याऐवजी लांबी (पुट्टी) भरलेली आहे असे समजावे. जॅक लावल्यावर दार घासू लागले किंवा दाराची फट वरच्या बाजूला आवळली, तर सिल कमकुवत झाली असे धरून चालावे आणि जाणत्या पत्राकाम करणाऱ्याला दाखवेपर्यंत गाडी रस्त्यावर काढू नये.

सिलच्या तळाशी पाणी निघून जाण्यासाठी भोके असतात. आमच्याकडे ती जांभ्याच्या लाल धुळीने बुजतात, त्या धुळीत आंब्याच्या मोहोराचा चिकटा मिसळतो आणि मग आत ओल धरून राहते. दर महिन्याला जाड तारेने ती भोके मोकळी करावीत. सीटच्या मागे जमिनीखाली सहा-सहा व्होल्टच्या दोन बॅटऱ्या बसतात. त्यांचे खोकेही याच रीतीने तपासावे, कारण तेथे मीठ आणि आम्ल दोन्ही एकत्र येतात. किनाऱ्यावरच्या रस्त्यांवर मासळीचे ट्रक खारे पाणी गाळत जातात. अशा ट्रकमागून काही किलोमीटर जावे लागले, तर घरी येताच गाडीचा तळ गोड्या पाण्याने धुवावा. गाडी पुळणीवर उतरवून फोटो काढण्याचा मोह होतो, तो पूर्णपणे टाळावा. वाळूत रुतण्याचा धोका आहेच, पण सिलमध्ये शिरलेली खारी वाळू पुढे कित्येक वर्षे आतून पत्रा खात राहते.

इंजिन: येथे घाई करू नये

एमजीबीचे १७९८ सीसीचे इंजिन बीएमसी, म्हणजे ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनच्या 'बी' मालिकेतील आहे. आपल्या अँबॅसडरमध्ये अनेक वर्षे याच मालिकेचे १४८९ सीसीचे इंजिन होते. त्यामुळे अँबॅसडरवर आयुष्य काढलेला एखादा वयस्कर मेस्त्री आपल्या तालुक्यात असेल, तर त्याच्याशी ओळख ठेवावी. आमच्या मेस्त्रींनी एमजीबीचे बॉनेट प्रथम उघडले तेव्हा त्यांना काहीच परके वाटले नाही. टॅपेटच्या आवाजावरून त्यांनी तिसऱ्या सिलिंडरकडे बोट दाखवले आणि ते बरोबर निघाले. असा कान पुस्तकातून मिळत नाही.

टॅपेट जुळवणे, म्हणजे इंजिनच्या व्हॉल्व्हची (झडपांची) ठरलेली फट राखणे, हा माझ्या मते शिकाऊ मुलासाठी सर्वांत चांगला धडा आहे, म्हणून त्याला दोन पूर्ण दिवस द्यावेत. प्लग काढून ठेवले की इंजिन हाताने फिरते. गाडी चौथ्या गिअरमध्ये टाकून सपाट जागेवर पुढे ढकलली तरी चालते. आठ व्हॉल्व्ह असल्यामुळे नऊचा हिशोब लक्षात ठेवावा: पहिला व्हॉल्व्ह पूर्ण दाबलेला असेल तेव्हा आठवा जुळवावा, तिसरा दाबलेला असेल तेव्हा सहावा, बेरीज नेहमी नऊ यावी. फट ०.०१५ इंच, म्हणजे सुमारे ०.३८ मिलिमीटर. फीलरची पट्टी फटीत सरकवली असता ती किंचित धरल्यासारखी लागावी. जाड वहीच्या पानांतून पातळ पट्टी ओढताना बोटांना जेवढा विरोध जाणवतो, साधारण तेवढा. लॉकनट आवळताना स्क्रू थोडा फिरतोच, म्हणून आवळल्यावर पुन्हा मोजावे. भाचीने पहिल्या दिवशी आठही व्हॉल्व्ह तीन-तीन वेळा जुळवले. संध्याकाळी इंजिन सुरू झाल्यावर ती बराच वेळ डोळे मिटून ऐकत राहिली आणि मग म्हणाली, "मामा, आवाज एकसारखा झाला." फट थोडी जास्त राहिली तर इंजिन टकटकते, फार कमी राहिली तर ते शांत चालते, पण व्हॉल्व्ह जळतो. म्हणून शांत इंजिन म्हणजे निरोगी इंजिन, हा समज मुलांच्या मनातून लवकर काढावा.

त्यानंतर प्रत्येक प्लगला पाळीपाळीने ठिणगी पोचवणारा डिस्ट्रिब्यूटर. पॉइंटची फट ०.०१४ ते ०.०१६ इंच आणि प्लगची ०.०२५ इंच ठेवावी. सिलिंडर पेटण्याचा क्रम १-३-४-२ आहे, तो पाठ असावा. दमट हवेत डिस्ट्रिब्यूटरच्या टोपीवर आतून बाष्प धरते आणि सकाळी गाडी सुरू होत नाही. अशा वेळी स्टार्टर मारत राहून बॅटरी संपवण्यापेक्षा टोपी काढून कोरड्या सुती फडक्याने पुसावी. बहुतेक वेळा एवढेच पुरते. हवा आणि पेट्रोल मिसळणाऱ्या एसयू कार्ब्युरेटरच्या माथ्यावरची काळी टोपी फिरवून त्यातील तेल दर महिन्याला पाहावे. कार्ब्युरेटरचा पिस्टन बोटाने उचलून सोडला असता त्याने सावकाश खाली येऊन टक् असा आवाज करावा. तो मध्येच अडकला तर धूळ किंवा वाकलेली सुई, यांपैकी एक कारण असते.

पेट्रोलविषयी अधिक सावधपणे लिहिले पाहिजे. आता पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते आणि साठ वर्षांपूर्वीचे रबर त्यासाठी बनलेले नाही. मी एका दुकानातून साधी पेट्रोलची नळी आणून बसवली होती. काही महिन्यांत ती आतून सुटू लागली, तिचे काळे कण फ्लोटच्या सुईखाली अडकले आणि कार्ब्युरेटरमधून पेट्रोल गरम मॅनिफोल्डच्या दिशेने ओघळू लागले. वास प्रथम भाचीला आला आणि तिने तत्काळ इग्निशन बंद केले. त्यानंतर टाकीपासून कार्ब्युरेटरपर्यंत सर्व नळ्या इथेनॉल सोसणाऱ्या बसवल्या आणि हाताशी येईल असा अग्निशामक सीटच्या पुढे ठेवला. इथेनॉल हवेतील ओलही शोषते, म्हणून गाडी पंधरा दिवसांहून अधिक उभी राहणार असेल तर टाकी भरून ठेवावी, म्हणजे आत दमट हवेला जागा उरत नाही. इग्निशन सुरू केल्यावर मागून एसयू पेट्रोल पंपाची टिकटिक ऐकू येते व थोड्या वेळात थांबते. ती अखंड चालू राहिली तर पेट्रोल संपत आले आहे किंवा कोठेतरी गळती आहे.

१९६७ च्या अखेरीपर्यंतच्या एमजीबीत बॅटरीचे धन टोक बॉडीला जोडलेले असते, आजच्या गाड्यांच्या नेमके उलट. मोबाईलचा चार्जर किंवा नवा रेडिओ विचार न करता जोडल्यास तो जळतो आणि वायरिंगलाही धोका पोहोचतो. बॅटरीजवळ ही सूचना मराठीत लिहून चिकटवावी.

इंजिन ऑइल २०डब्ल्यू-५० वापरावे. रेडिएटरमध्ये किनाऱ्यालगतच्या विहिरीचे पाणी घालू नये, कारण मचूळ पाण्याने आतून गंज चढतो. डिस्टिल्ड पाणी आणि कूलंट यांचे मिश्रण घालावे. पुढची चाके ज्यावर वळतात त्या किंगपिनला प्रत्येकी तीन ग्रीस निपल आहेत. चाक उचलून, जुने काळे ग्रीस बाहेर येईपर्यंत दर पाच हजार किलोमीटरला नवे भरावे, आणि पावसाळ्याच्या आधी व नंतर तर न चुकता. ब्रेकचे तेल हवेतील पाणी ओढून घेते, म्हणून आपल्या किनाऱ्यावर ते दरवर्षी बदलणेच योग्य. ते रंगावर सांडले तर ताबडतोब पाण्याने धुवावे.

अठरा पूर्ण झाल्यावर

आधी कागदपत्रे. जुलै २०२१ च्या नियमांनुसार ५० वर्षांहून जुन्या गाडीची नोंदणी 'व्हीए' मालिकेत करता येते, पण अशी गाडी प्रदर्शन, रॅली, संशोधन, इंधन भरणे आणि देखभाल अशा ठरावीक कारणांसाठीच रस्त्यावर आणता येते. तशी नोंदणी असल्यास शिकण्यासाठी घरातील दुसरी गाडी घ्यावी. आमच्या गाडीची नोंदणी नेहमीची आहे आणि ती फिटनेस तपासणीसह नूतनीकृत आहे. शिकाऊ परवाना सहा महिने वैध असतो व तीस दिवसांनंतर पक्क्या परवान्याची चाचणी देता येते. गाडीच्या पुढे-मागे पांढऱ्या पाटीवर लाल 'एल' आणि शेजारी परवानाधारक व्यक्ती हवी. सीटबेल्ट नसतील तर कुशल माणसाकडून बसवून घ्यावेत. त्याआधी एक मीटरही चालवू नये.

पहिले दोन दिवस इंजिन बंद ठेवूनच बसवावे. सीट खूप खाली असते आणि बॉनेट लांब, त्यामुळे पुढचे टोक कोठे संपते हे गाडीतून कळत नाही. आम्ही अंगणात नारळाची एक झावळी आडवी टाकली आणि बंपर तिच्यापासून एका वितीवर येईपर्यंत गाडी हाताने ढकलत राहिलो. दहा-बारा वेळा असे केल्यावर अंदाज बसला. नंतर सकाळच्या वेळी, गुरे आणि वाहने नसताना, सड्यावरच्या (पठारावरच्या) सरळ रस्त्यावर सुरुवात केली. चोक आपल्या हवेत थोडाच ओढावा लागतो आणि मिनिटाभरात परत ढकलावा, नाहीतर जादा पेट्रोलने सिलिंडरच्या भिंतीवरचे तेल धुऊन जाते.

या काळातील गाडीच्या पहिल्या गिअरला दात्यांचा वेग जुळवून देणारा सिंक्रोमेश नाही. नवशिक्याने गाडी पूर्ण थांबल्यावरच पहिला टाकावा. तो कुरकुरला तर जोर न लावता आधी दुसऱ्या गिअरला स्पर्श करावा आणि मग पहिला घ्यावा. फिरणारे दाते थांबतात आणि गिअर अलगद बसतो. काही आठवड्यांनी दुहेरी क्लच शिकवावा. क्लच दाबून गिअर न्यूट्रलला आणावा, क्लच सोडून ॲक्सलरेटरचा हलका झटका द्यावा, पुन्हा क्लच दाबून खालचा गिअर घ्यावा. हे आम्ही आधी उभ्या गाडीत, मोठ्याने आकडे म्हणत केले. एकदा पाय आणि हात यांचा ताल जमला की गिअरबॉक्समधून कसलाही आवाज येत नाही, आणि तो क्षण शिकणाऱ्याच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसतो.

ब्रेक शिकवताना ताशी तीस किलोमीटरवरून सुरुवात करून रस्त्याकडेच्या ठरलेल्या दगडाशी थांबण्याचा सराव द्यावा. पायाला आजच्या गाडीपेक्षा बराच अधिक जोर द्यावा लागतो. चाके जाम होऊन घसरू लागली तर ब्रेक किंचित सोडून पुन्हा दाबावा, कारण हे काम करणारे यंत्र येथे नाही. लाल मातीचा चिखल रस्त्यावर आलेला असेल तेथे वळणात ॲक्सलरेटर एकदम दाबू नये. ढकलणारी चाके मागची आहेत आणि शेपूट बाहेर जाते.

आरे-वारेच्या रस्त्यावर आम्ही तिसऱ्या आठवड्यात गेलो. खाली समुद्र आणि एकामागून एक वळणे असल्यामुळे नजर समुद्राकडे जातेच, म्हणून पहिल्या फेरीत मी चालवले आणि तिला मनसोक्त पाहू दिले. दुसऱ्या फेरीत तिची नजर रस्त्यावर राहिली. आंबा घाट त्यानंतर बराच उशिरा. चढताना तापमानाचा काटा वर सरकू लागला तर हीटर पूर्ण उघडावा, त्याने इंजिनची उष्णता बाहेर पडते, पायांना चटके बसले तरी सोसावे. उतरताना ज्या गिअरमध्ये चढलो त्याच गिअरमध्ये उतरावे, ब्रेक धरून ठेवू नये आणि अरुंद जागी चढणाऱ्या वाहनाला आधी जाऊ द्यावे, तसा नियमच आहे. ऑइल प्रेशर गरम इंजिनावर चालताना साधारण ५० ते ८० पौंड प्रति चौरस इंच आणि आयडलला १० ते २५ असावे. दर काही मिनिटांनी तिकडे एक नजर टाकण्याची सवय हवी.

पावसाचे चार महिने

जूनच्या पहिल्या आठवड्यात गाडी आत जाते. मातीच्या किंवा सारवलेल्या जमिनीतून ओल वर येते, म्हणून खाली जाड प्लास्टिक अंथरावे. गाडीवर मात्र प्लास्टिक कधीही टाकू नये, कारण त्याखाली पत्रा घामेजतो. सुती चादर पुरेशी असते. बॅटऱ्या काढून घरात ठेवाव्यात, टायरमध्ये थोडी जादा हवा भरावी, हँडब्रेक ओढून ठेवू नये. चार महिन्यांत तो ड्रमला चिकटतो. उंदरांसाठी एअर फिल्टरच्या आणि सायलेन्सरच्या तोंडाशी बारीक जाळी बांधावी आणि त्याची आठवण राहावी म्हणून स्टिअरिंगला लाल फीत लावावी.

पाऊस ओसरल्यावर थेट स्टार्टर मारू नये. चारही प्लग काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये चमचाभर इंजिन ऑइल सोडावे, डिस्ट्रिब्यूटरला जाणारी कॉइलची तार सोडवावी आणि प्लगविना स्टार्टर थोडा थोडा फिरवत राहावे. यंदा हे सर्व भाचीने एकटीने केले. मी पडवीत उभा होतो. चौथ्या वेळी ऑइल प्रेशरचा काटा शून्यावरून उठला, तेव्हा तिने स्टार्टर सोडला, स्टिअरिंगची लाल फीत सोडली, दोन्ही जाळ्या काढून माझ्या हातात दिल्या आणि प्लग बसवायला सुरुवात केली.